दुसरी हाक

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ती. मामास नमस्कार.

१. गेल्या महिन्यात पुठ्ठ्याची गिरणी साफसफाईसाठी बंद होती. तेव्हा आमच्या कंपनीने मला तुमच्याकडे टाक्यांची आणि पाइपांची जाडी मोजायला पाठवलं.

२. वाफेच्या मोठ्या टाकीचा पत्रा मुळात आठ मिलिमीटरचा. तो पाचच्या खाली गेला तर टाकी चालवायची नाही, असा नियम आहे.

३. टाकी थंड होती. मी आवरण जागोजागी कापून पत्रा मोजला. बहुतेक ठिकाणी साडेसात आला.

४. मागच्या बाजूला, आत येणाऱ्या नळाच्या बरोबर समोर, ताटाएवढ्या जागेत २.६ आला. त्या नळातून गरम पाणी आणि वाफ जोराने येऊन समोरच्या भिंतीवर आपटतात. पत्रा आतून झिजला आहे. बाहेरून काही दिसत नाही.

५. मीटर पायऱ्यांच्या ठोकळ्यावर तपासलं. ठोकळ्याच्या प्रत्येक पायरीची जाडी आधीच माहीत असते. मीटर बरोबर होतं. पुन्हा मोजलं. २.६. त्या जागेभोवती खडूने गोल काढला.

६. गिरणीच्या साहेबांना तिथेच सांगितलं. नंतर अहवाल लेखी दिला.

७. त्यानंतर आमच्या सरांनी माझा अहवाल फेरविचारासाठी मागे घेतला आणि मला इथे लांब पाठवलं, तेलाच्या टाक्या मोजायला.

८. तुमची टाकी पुन्हा चालू झाली हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

९. तुझी खुर्ची त्या खडूच्या गोलाला पाठ लावून असते.

नक्की काय झालं ते लिही, असं तू म्हणालास. एवढं झालं. यात माझं मत कुठेही नाही.

टाकी फुटते म्हणजे काय होतं हे तुला सांगायला नको. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून पाणी असतं. दाब सुटला की ते एका क्षणात वाफ होतं, आणि वाफेला जागा लागते.

मी इथल्या कचेरीतून साहेबांना फोन लावला. कारकून म्हणाला, लेखी द्या. लेखी दिलेलंच आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. सामानाची गाडी इथे बुधवारी आणि शनिवारी येते आणि त्याच दिवशी परत जाते. तिचा ड्रायव्हर तुमच्या डेपोत थांबतो, त्याच्याकडे उत्तर दिलंस तर लवकर पोचेल.

दोन गोष्टी कर. खुर्ची हलव. आणि टाकीच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी कर. बॉयलर चालवायचा परवाना तुझ्या नावाचा आहे. धोका दिसला तर वाफ थांबवायचा अधिकार तुला आहे, त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही.

तुझी भाची


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. पट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पत्र कसलं, पंचनामाच तो. मामी म्हणाली, नऊ कलमं घातलीत, दहावं शिक्षेचं राहिलं वाटतं. लहानपणी शाळेची पट्टी घेऊन घरभर फिरायचीस, माझी मिशीसुद्धा मोजली होतीस. डावीकडे जास्त आहे म्हणून कापायला लावलीस. तेव्हापासून हे नाव पडलं, आणि बघ, पोटापाण्याला तेच आलं.

आता आनंदाची बातमी. साहेबांनी दुसरा माणूस बोलावला. चांगला मोठा, अनुभवी, डोळ्यावर काळा गॉगल, आतसुद्धा काढत नाही. त्याने टाकी चालू असताना, गरम असतानाच मोजली. त्याच्याकडे गरम पत्र्यावर लावायचा वेगळा प्रोब होता. तू काढलेल्या गोलाच्या मधोमध लावला. मी बाजूलाच उभा होतो, आकडा माझ्या डोळ्यांनी पाहिला. ५.३. पाचच्या वर! गॉगलवाला म्हणाला, टाकी अजून चालेल.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. नवीन हात आहे, एखादं माप चुकायचंच. मीही पहिल्या वर्षी बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. साहेबांना तुझ्याबद्दल राग नाही, मी विचारलं. तुझ्या नावाला डाग लागला नाही हे महत्त्वाचं.

खुर्चीचं म्हणशील तर तिथे पाठीला ऊब लागते. या वयात ऊब म्हणजे अर्धं औषध. इतकी वर्षं ती टाकी माझ्या पाठीशी आहे, एकदाही दगा दिला नाही. माझ्या आवाजावरून मला भोंगा म्हणणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, भोंग्याच्या पाळीत वाफ थांबत नाही. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. साप साप म्हणून भुई धोपटायची नाही.

जेवत जा वेळेवर. तिथे थंडी आहे का?

तुझा मामा


शनिवार, ८ फेब्रुवारी

ती. मामास नमस्कार.

गाडी परत निघायच्या आत हे लिहिते आहे.

५.३ हा आकडा नीट बघ. २.६ची दुप्पट ५.२. गरम पोलाद थोडी जास्त जाडी दाखवतं, वरचा एक दशांश त्याचा. गॉगलवाल्याने माझं माप खोटं ठरवलेलं नाही. त्याने तेच माप दुप्पट करून वाचलं आहे.

हे कसं होतं ते सांगते. प्रोब म्हणजे पत्र्यावर टेकवायचा तो बोटाएवढा तुकडा. तो पत्र्यात आवाज सोडतो, माणसाला ऐकू न येणारा. आवाज पत्र्याच्या पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून मीटर जाडी सांगतं. पत्रा पातळ असला की आवाज फार लवकर परत येतो. गरम पत्र्याचा प्रोब उष्णता सोसावी म्हणून जाड बनवलेला असतो, आणि आवाज सोडल्यावर ऐकायला लागायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात पहिला प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. आवाज पत्र्यात आणखी एक फेरी मारतो आणि पुन्हा येतो. तो दुसरा प्रतिध्वनी प्रोबला ऐकू येतो, आणि मीटर त्यालाच पहिला समजतं. फेऱ्या दोन, म्हणून जाडी दुप्पट.

हे तुला कळायला सगळ्यात सोपं जावं. घरात तुला हाक मारली की पहिली वाया जाते. दुसरी ऐकू येते आणि तू म्हणतोस, एकदाच तर बोलावलंस, मग ओरडतेस कशाला.

गॉगलवाला खोटं बोलला असं मी म्हणत नाही. जे दिसलं ते त्याने लिहिलं. चार मिलिमीटरच्या खाली त्याचा प्रोब बहिरा आहे, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही, कारण माझं माप चुकलंय असं त्याला आधीच सांगितलेलं होतं. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही.

ताळा करणं सोपं आहे. त्याला परत बोलावून प्रोब गोलाच्या बाहेरून आत बोट-बोट सरकवायला सांग. आकडा साडेसातवरून उतरत जाईल, सहा, पाच, चारच्या आसपास, आणि मग एकदम वर उडी मारेल. झिजलेला पत्रा मध्येच जाड होत नाही. ती उडी तुझ्या डोळ्यांनी बघ.

इथून गावाकडे माणसांची बस महिन्याअखेर आहे. सामानाच्या गाडीत माणसं घेत नाहीत. ड्रायव्हरला विचारलं, त्याने नियमांची पाटी दाखवली. सरांकडे सुट्टी मागितली, ती मिळाली नाही. त्यामुळे मी इथून फक्त लिहू शकते.

खुर्ची हलवलीस का, हे तू लिहिलं नाहीस.

तुझी भाची


मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. पट्टीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. गॉगलवाला गेला, तो आता लगेच येणार नाही, त्याला कामं फार.

इकडे गडबड आहे. मोठी मागणी आली आहे, बंद पडलेलं दुसरं यंत्र सुरू करायचं ठरलं. सोमवारपासून, म्हणजे १७ तारखेपासून, टाकीचा दाब चारवरून सहावर न्यायचा आहे. दोन पाळ्या होतील. वसाहतीत सगळे खूश आहेत, घरी बसलेल्या पोरांना बोलावणी गेली. आपल्या शेजारच्या घरातली दोन्ही मुलं कामावर घेणार आहेत. त्यांच्या आईने मामीला हात धरून सांगितलं.

वाफ मीच सोडणार. साहेब म्हणाले, भोंगाच पाहिजे, दुसऱ्याच्या हातून नको.

तू म्हणालीस म्हणून खुर्ची हलवली. आता तरी शांत हो. तुझ्या दोन फेऱ्यांचं मी बॉयलरवरच्या माझ्या जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, भाचीला मास्तरीण व्हायला सांगा.

मामीचा गुडघा बरा आहे.

तुझा मामा


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पोरी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. भिशीच्या बायकांची नावं लिहिण्यापलीकडे माझा हात चालत नाही. पण आता तोंड दाबून बसवत नाही.

खुर्ची हलवलेली नाही. मी डबा द्यायला गेले तेव्हा बघून आले. होती तिथेच आहे. हलवली असं लिही म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, म्हटलं पोरगी तिकडे सुखाने जेवेल तरी. ती माझी चूक. पण त्याने लिहिलं आणि हलवली नाही, ही त्याची.

उलट काय केलंय ते ऐक. जोडीदाराला त्याने टाकीच्या पलीकडे, पंपाजवळ बसायला पाठवलं. म्हणाला, तुझ्या बिडीच्या धुराने मला खोकला येतो. जोडीदार बिडी ओढतच नाही. आणि स्वतः मात्र तिथे बसून राहतो, पाळी संपली तरी.  एवढा मोठा भोंगा, पण चार दिवस घरात आवाज नाही. तुझं दुसरं पत्र सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडतो. धुवायला घेतला तेव्हा सापडलं, घड्यांवर फाटायला आलंय.

म्हणजे त्याला कळलंय. तुझं खरं आहे हे त्याला कळलंय, आणि तरी तो तिथे बसतो. हे कसलं शहाणपण ते तूच सांग.

आणखी एक. तू विचारलं होतंस ना, तुझं माप चुकलं असं कोणी सांगितलं. तोच गेला होता साहेबांकडे. म्हणाला, पोरगी नवीन आहे, घाईत मोजलं असेल, दुसऱ्याकडून मोजून घ्या. तुझ्यावर बोट येऊ नये म्हणून गेला. टाकी बंद म्हणजे गिरणी बंद, आणि अख्खी वसाहत म्हणणार, भोंग्याच्या भाचीने आमच्या चुली विझवल्या. त्याला वाटलं, दुसरा माणूस येईल, बरोबर काय ते निघेल, आणि पातळ निघाली तर गिरणी बंद केल्याचं पाप त्या दुसऱ्याच्या माथी जाईल, तुझ्या नाही. निघालं भलतंच. आता परत कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणतो.

तू चिडशील. चीड. पण एक सांगते, राग मानू नकोस. तू त्याला साहेबांना लिहावं तसं लिहितेस. आकडे, कलमं, हे कर, ते कर. तो दिवसभर तसल्याच कागदांवर अंगठ्यासारख्या सह्या करतो, त्याला ते ऐकूच येत नाही. भाचीसारखं लिही. नाहीतर सोमवारी तो व्हॉल्व्हचं चाक फिरवेल आणि खुर्चीत जाऊन बसेल. मला माझा माणूस हवा आहे, गिरणी गेली खड्ड्यात.

तुझी मामी


शनिवार, १५ फेब्रुवारी

मामा,

मामीचं पत्र मला आत्ता मिळालं. तिला रागावू नकोस. गाडी सामान उतरवते आहे, तेवढाच वेळ आहे माझ्याकडे.

बुधवारी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात अकरा कलमं होती. ते फाडून टाकलं.

मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही. ते मी कधी शिकले नाही. आई नोकरीसाठी दूर गेली आणि मला तुमच्याकडे ठेवलं, तेव्हापासून मी रडायचं सोडून मोजायला लागले. घरातल्या फरशा, जिन्याच्या पायऱ्या, तुझ्या मिशा. तू कधी विचारलं नाहीस की ही पोरगी असं का करते. मला पट्टी आणून दिलीस. लाकडी होती, कडेला पितळेची पट्टी बसवलेली. ती माझ्या पेटीत अजून आहे.

मामी मला तुला बोलवायला बॉयलरच्या खोलीत पाठवायची. मी दारातून हाक मारायचे, ती तुला ऐकू यायची नाही. दुसरीही कधीकधी यायची नाही. मग मी हाक मारणंच सोडलं. मागून यायचे आणि तुझ्या पाठीवर हात ठेवायचे. तू न बघता म्हणायचास, चल, आलो. बाकी कोणीही पाठीवर हात ठेवला तर दचकायचास, माझा हात ओळखायचास. कसा ओळखायचास ते मी कधी विचारलं नाही.

त्याच पाठीमागे आता २.६ मिलिमीटर आहे. माझा हात तिथे पोचत नाही.

तू साहेबांकडे का गेलास ते कळलं. मला वाचवायला गेलास. मी चिडले नाही. खरं तर पत्र वाचून मी बाहेर जाऊन सामानाच्या खोक्यावर बसले आणि तिथेच हे लिहायला घेतलं. पण मामा, लोक मला काय म्हणतील याचं तू मोजमाप करू नकोस. ते म्हणू देत. भोंग्याच्या भाचीने गिरणी बंद पाडली, असं म्हणत म्हणत ते म्हातारे होऊ देत. मला चालेल.

जोडीदाराला पंपाजवळ पाठवलंस आणि स्वतः तिथे बसलास. फुटली तर आपल्यावर फुटू दे, असा तुझा हिशेब दिसतो. हा हिशेब चुकीचा आहे. पाणी वाफ होईल तेव्हा ती तुझी खुर्ची बघून थांबणार नाही. पंपाजवळ जोडीदार आहे, भिंतीपलीकडे पुठ्ठा कापणाऱ्या बायका आहेत, आणि सोमवारपासून शेजारची दोन्ही मुलं असतील. तू बसल्याने कोणी वाचत नाही. फक्त तू कमी होतोस.

चारच्या दाबावर टाकी आतापर्यंत टिकली. सहावर टिकेल की नाही हे मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर आकड्यात सांगितलं असतं.

सोमवारी वाफ सोडू नकोस. मी विनवणी करते आहे. हा शब्द मी आजवर कोणाला लिहिलेला नाही.

ही माझी दुसरी हाक आहे. पहिली ऐकू आली नाही असं समजून मारते आहे.

पट्टी


मंगळवार, १८ फेब्रुवारी

पट्टी,

ऐकू आली.

काल सकाळी सगळे जमले होते. साहेब, कचेरीतली माणसं, दुसऱ्या यंत्रावरची नवी पोरं, अंगावर नवे सदरे. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी व्हॉल्व्हपाशी गेलो आणि उघडायच्या दिशेऐवजी बंद करायच्या दिशेने फिरवत राहिलो. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग काटा खाली यायला लागला. खालचा नळ उघडून टाकी रिकामी केली. नट सोडवून चाक काढलं, काखेत धरलं आणि उभा राहिलो.

साहेब जवळ येऊन बोलायला लागले. मला काही ऐकू येत नव्हतं, ओठ तेवढे हलत होते. आयुष्यात पहिल्यांदा कान गेल्याचा फायदा झाला बघ. त्यांचं संपल्यावर मी म्हटलं, “साहेब, माझी भाची बरोबर आहे. मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा चूक मी केली.” हे मी हळू बोललो असं मला वाटलं. जोडीदार म्हणतो, गेटपर्यंत ऐकू गेलं.

चाक घरी आणलं, पलंगाखाली ठेवलंय. खुर्ची आता टाकीपाशी नाही, मामीला विचार. व्हॉल्व्हच्या दांड्यासमोर टाकली आहे. चाक नसलं तरी पाना लावून दांडा फिरतो, हे तुझ्याही ध्यानात आलं असेल. म्हणून तिथे बसतो. जोडीदार दुसऱ्या पाळीत बसतो. त्याला सगळं सांगितलं. बिडीचंसुद्धा. तो म्हणाला, मला वाटलं तुमचं नाक गेलं, कान गेले तसं.

आता बाकीचं. गिरणी बंद आहे. गिरणीचा भोंगा वाजला नाही म्हणून वसाहतीत काल घड्याळं बघावी लागली. नळावर मामी गेली की बायका बाजूला सरतात. शेजारीण दार लावून घेते. तिची मुलं नवे सदरे घालून ओट्यावर बसली होती, मी समोरून गेलो तर एकाने मान वळवली. ते मला लागलं. शिवी दिली असती तर बरं होतं.

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे, २४ तारखेपर्यंत. गॉगलवाला येणार. टाकी गरम करून सगळ्यांसमोर पुन्हा मोजणार. मी दाराशी उभा राहिलो तर मला बाजूला करून दुसरा परवानेवाला आणतील. तसं स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, त्याला म्हणावं प्रोब बोट-बोट सरकव, आकडा उडी मारतो का बघ. साहेब म्हणाले, तज्ज्ञाला शिकवू नका.

पट्टी, इतकी वर्षं माझ्या पाळीत वाफ थांबली नाही. थांबली, आणि थांबवणारा मीच. मला झोप लागत नाही. मामी शेजारी जागी असते, दोघंही झोपल्याचं सोंग करतो. एकच विचारतो. तू हाक मारलीस, मी वळलो. आता तूच सांग, तुला खात्री आहे ना? आकडा लिहू नकोस. कारण लिहू नकोस. हो की नाही, एवढंच लिही.

मामा


बुधवार, १९ फेब्रुवारी

मामा,

हो.

तू आकडा नको म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण तुझं पत्र वाचल्यावर मीही तेच केलं जे तू केलं असतंस. मीटर काढलं, ठोकळा काढला आणि एकेक पायरी मोजून बघितली, जणू सगळं स्वप्नातच मोजलं होतं. मीटर बरोबर आहे. मी बरोबर आहे. 

गॉगलवाल्याच्या हातात तोच प्रोब असेल तर तो पुन्हा ५.३ वाचेल, आणि या वेळी सगळ्यांसमोर. त्याने तो तसा वाचायच्या आधी मला थंड टाकीवर माझ्या साध्या प्रोबने मोजायचं आहे. साहेब, वसाहत, शेजारची मुलं, सगळ्यांना गोलाभोवती उभं कर. मी बाहेरून आत सरकत जाईन आणि आकडा मोठ्याने वाचेन. पाचच्या वर निघाला तर तुझं चाक मी स्वतः बसवीन आणि सगळ्यांदेखत म्हणेन, माझ्यामुळे झालं, भोंग्याला बोलू नका.

सर नको म्हणाले आहेत. मी गेले तर परत यायची गरज नाही, असंही म्हणाले. मी सामान बांधलं आहे. ड्रायव्हरने शनिवारी मला न्यायचं कबूल केलं. म्हणाला, तुमची पत्रं इतके दिवस पुढच्या सीटवर बसून जातात, आता तुम्हीच बसा. पाटीकडे बघणार नाही म्हणाला.

बॉयलर तपासनिसाच्या कचेरीला मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. त्यांचं उत्तर अजून नाही. म्हणून मला तुझ्याकडून एक गोष्ट कळली पाहिजे. नाक्यावर रस्ता फुटतो. टाकी अजून थंड आणि बंद असेल तर मी डावीकडे, तुझ्याकडे वळेन आणि रविवारी मोजेन. त्यांनी ती चालू केली असेल तर तुझ्याकडे येऊन माझा उपयोग नाही. तसं असेल तर उजवीकडे, तपासनिसाच्या गावी जाईन आणि सोमवारी कचेरी उघडायच्या आधी दारात बसेन. त्या वेळी तू, मामी आणि जोडीदार त्या इमारतीत नसाल, एवढं मला वचन हवं. चाक घरीच राहू दे. खुर्ची असेल तिथेच सोडून दे.

मामीला सांग, शेजारणीचं दार मी येऊन वाजवीन.

गाडी शनिवारी दुपारी इथे पोचते. शुक्रवारी संध्याकाळी ड्रायव्हर डेपोत असेल, त्याच्या हातात दे. चिठ्ठी तुझ्या अक्षरात हवी, दुसऱ्या कोणाच्या नको. बंद की चालू, एक शब्द पुरे. शनिवार, २२ फेब्रुवारीपर्यंत उत्तर पाठव.

पट्टी